भटूनी घोडी

"कातर शे का?"

"नही."

"सुई?"

"सुईवरी कागद कापस का कोनी, मावशी?"

"आन कंबरले ते काय शे?"

गजराबाईने कमरेची चंची हाताने झाकली, पण उशीर झाला होता. चंचीत पान होतं, चुना होता, सुपारी होती; आणि सुपारी होती म्हणजे अडकित्ताही होताच.

"आते अडकित्ता बी काढी ठेवू? मंग सुपारी काय तुन्हा डोकावर फोडू?"

"घर जाईसन फोड. आठे वाचाले येतस."

भिकुबाईने हात पुढे केला तो मागे घेतला नाही. शेवटी गजराबाईनेच माघार घेतली. अडकित्ता पत्र्याच्या डब्यात खण्णकन आदळला. आतल्या बाकांवर बसलेल्या चार-पाच जणींनी मासिकांतून डोकी वर काढली आणि हसून पुन्हा खाली घातली. दर खेपेला हा खण्णकन आवाज झाला, की बायकांची वेळ खऱ्या अर्थाने सुरू होई.

नंदुरबारच्या सार्वजनिक वाचनालयात मंगळवारी आणि शनिवारी दुपारी दोन ते चार ही बायकांची वेळ. त्या दोन तासांत पुरुषमाणूस पायरीवरही फिरकत नसे. दाराशी स्टूल, स्टुलावर भिकुबाई, तिच्या मांडीवर बिस्किटांचा जुना डबा. आत येणारीने जवळ धारेचं जे काही असेल ते आधी डब्यात टाकायचं आणि मगच टेबलावरच्या मासिकांना हात लावायचा, हा भिकुबाईचा कायदा. कमिटीने केलेला नव्हता. म्हणूनच बहुधा पाळला जायचा.

कायदा झाला तो गजराबाईमुळेच. तीन वर्षांमागे एका मासिकात विणकामाचा पोपट आला होता. गजराबाईचा जीव त्या पोपटावर गेला, आणि तिने तो पानासकट अडकित्त्याने कुरतडून चोळीत घातला. आता पोपटाच्या पाठीवर, म्हणजे पानाच्या मागच्या बाजूला, एका क्रमशः कादंबरीचा शेवट होता. कादंबरीतल्या त्या शिकलेल्या मुलीने अखेर लग्न वकिलाशी केलं की डॉक्टराशी, हे नंदुरबारात आजतागायत कुणाला कळलेलं नाही. भिकुबाईने स्वतः जाऊन कमिटीला सांगितलं, आणि गजराबाईला सहा महिने वाचनालयाचं दार बंद झालं. सहा महिन्यांनी ती परत आली ती तोंड आणखी धारदार करून. अडकित्ता काढून घेता येतो. तोंडाचं काय करणार?

भिकुबाईला या कामावर ठेवली तीच मुळी वाचता येत नव्हतं म्हणून. नवरा वारल्यावर ती तापीकाठावरून भावाकडे, रतिलालकडे नंदुरबारला आली, त्याला दहा वर्षं झाली. रतिलाल कापसाच्या जिनात तोलाईवर होता. त्याने कुणाकुणाला सांगून बहिणीला कमिटीपुढे उभी केली. "वाचता येतं का?" अध्यक्षांनी विचारलं. "नही," ती म्हणाली. "उत्तम! वाचणारं माणूस राखण करत नाही," असं म्हणून त्यांनी तिचं नाव हजेरीपटावर घातलं. नावापुढे भावाचं नाव लागलं. नवऱ्याचं नाव तिला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिने ते घेतलं नसतं. आपल्याकडे बाई नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाही.

पण दोन तास नुसतं बसून माणूस काय करणार? समोर मासिकाचं पाठीमागचं पान असे, कारण वाचणारी बाई पुढचं पान आपल्याकडे धरते. भिकुबाईच्या वाट्याला आली ती सगळी मागची पानं. त्यावर तेलं, काढे, दंतमंजनं, आणि अक्षरं ही एवढाली. त्या अक्षरांवर ती वाचायला शिकली, जवळच्या बाईला विचारत आणि डब्याच्या झाकणावर बोटाने गिरवत. अंगठ्याएवढी अक्षरं आधी, बोराएवढी मग, शेवटी मोहरीएवढी. तिचं सगळं शिक्षण मलपृष्ठावर झालं. त्यामुळे तिला पुराणातलं काही येत नसे, पण केस गळायचे कसे थांबतात ते बावीस तऱ्हांनी सांगता येई. आणि आणखी एक गोष्ट येई. जाहिरातींच्या कडेला चौकटीत छापलेलं असे: 'गोष्टी पाहिजेत', 'भगिनींसाठी निबंध-स्पर्धा', 'होतकरू लेखकांस संधी', 'अखेरची तारीख अमुक'. पुढची पानं वाचणाऱ्यांच्या नजरेतून सुटायच्या त्या चौकटी भिकुबाईच्या डोळ्यांतून कधी सुटल्या नाहीत.

मग ती सांगू लागली. स्थळ सांगावं तसं सांगायची.

"रुक्मिणीबाई, पुनामा एक घर निंघेल शे. गोष्ट मांगतस. पन दोन पानंथून लांबी गोष्ट त्यासले चालत नही."

"आणि ते मुंबईचं?" रुक्मिणीबाई विचारायच्या. त्या शाळामास्तरांच्या पत्नी. वहीच्या वही भरून गोष्टी लिहिणाऱ्या.

"ते घर मोठं शे, पन मिजास भलती. सहा महिना उत्तर देत नहीत. पोर घरमा बसी ऱ्हास."

कोणतं मासिक करुण गोष्टी घेतं, कोणाला समाजसुधारणेची आवड, कोण पोचपत्र पाठवतं, कोण पोस्टाची तिकिटं ठेवून घेऊन मुकाट बसतं, हे सगळं तिला सोयरिकीच्या घरांसारखं पाठ होतं. तिच्या सांगण्यावरून दहा वर्षांत या खोलीतून पन्नासेक पाकिटं गेली असतील. छापून आलं ते दोनदाच. एकदा रुक्मिणीबाईंचं 'मुलांच्या डोळ्यांची निगा', आणि एकदा गजराबाईच्या कैरीच्या लोणच्याची कृती. त्यात मिठाचा आकडा चुकीचा छापला गेला आणि त्या साली कुठे कुठे लोणची खारट झाली, देव जाणे. बाकी बहुतेक सगळं परत आलं.

परत आलेलं पाकीट खोलीत शिरलं, की गजराबाई मांडीवर थाप मारून ओरडायची, "उनी वो माय! भटूनी घोडी परत उनी!"

आणि सगळ्या हसायच्या. रुक्मिणीबाई स्वतःच्या पाकिटावरसुद्धा हसायच्या. ही म्हण गजराबाईने सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली. तिचा नवरा दर मार्गशीर्षात तिथे बैल बघायला जायचा आणि ही त्याच्यावर नजर ठेवायला. तिथल्या घोडेबाजारात दलाल एकमेकांना बजावतात, नीट पारखून घे, नाहीतर भटूनी घोडी व्हायची. म्हणजे कुणी एक लबाड भटू होता; घोडी विकायचा, पैसे खिशात घालायचा, आणि शिकवून ठेवलेली घोडी रात्रीत त्याच्या दारात परत. विकलेलं परत आलं, दिलेलं उलटलं, की भटूनी घोडी.

सगळ्या हसायच्या तेव्हा भिकुबाई डब्याचं झाकण लावायची. लावलेलं असलं तर उघडून पुन्हा लावायची.

तो भटू तिचा नवरा होता.

हे या खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायचं तर आधी ते नाव उच्चारावं लागलं असतं. म्हणून दहा वर्षं ती गप्प होती. घोडी परत आली होती, हे खरंच. यात्रेत साक्रीकडच्या एका माणसाला विकली, आणि तिसऱ्या दिवशी भल्या सकाळी तापी पोहून, तुटलेला दोर गळ्यात घेऊन, घोडी अंगणात उभी. अंगातून पाणी निथळत होतं. अख्ख्या गावाने पाहिली. भिकुबाईने आनंदाने तिच्यापुढे बाजरीची टोपली ठेवली, तर भटूने टोपली उचलून बाजूला केली. "आपली नही ती आते," तो म्हणाला. मग मात्र तिला स्वतःच चारा आणून घातला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत लगाम धरून निघाला. भिकुबाई म्हणाली, बसून तरी जा, लांबचा पल्ला आहे. तो म्हणाला, "इकेल घोडीवर बसाना आपला हक्क नही."

तो चालत गेला. घोडी नुसती बाजूने.

येताना घोडी सगळ्या गावाने पाहिली होती. जाताना कुणीच नाही. घोडी घेणारा परत कधी यात्रेला आला नाही, तेव्हा साक्ष कोण देणार? पुढच्या यात्रेत भटूच्या खुंटाशी गिऱ्हाईक थांबेना. त्याने घोड्यांचा नाद सोडला, लोकांच्या शेतात राबला, आणि चार वर्षांनी तापाने गेला. माणूस गेला, म्हण राहिली. म्हणींना ताप येत नाही.

सन अडतीसच्या भाद्रपदात पुण्याच्या हिरव्या कव्हराच्या मासिकात मागच्या पानावर चौकट आली. 'केवळ भगिनींसाठी. स्वतः पाहिलेली, खरोखर घडलेली हकीकत पाठवा.' भिकुबाईने ती नेहमीप्रमाणे सगळ्यांना वाचून दाखवली. वाचता वाचता 'खरोखर घडलेली' या शब्दांपाशी तिची जीभ अडली. छापून येणाऱ्या गोष्टीवर लोकांचा विश्वास बसतो, हे तिला ठाऊक होतं. मिठाचा चुकीचा आकडासुद्धा लोकांनी मानला होता.

त्या दिवसापासून रतिलालच्या घरी दुपारची भांडी झाली की ती ओसरीवर बसून लिहू लागली. कागदाच्या एकाच बाजूस लिहावे, असा नियम होता. तो तिला फार लागला. अख्खी एक बाजू कोरी सोडायची म्हणजे अर्धी भाकरी ताटात टाकून उठण्यातला प्रकार. पण नियम तो नियम. भाषा तिला आली ती जाहिरातींचीच. 'घोडी रंगाने तांबडी, अंगाने भरीव व चालीस अत्यंत खात्रीची होती. एकवार पाहिल्यास कोणासही विसर पडत नसे.' पण जिथे टोपली उचलून बाजूला केली ते लिहायची वेळ आली, तिथे तिला एकही जाहिरात आठवली नाही. ते तिने जसं झालं तसं लिहिलं. नवऱ्याला सबंध हकीकतीत 'घोडीचा धनी' म्हटलं. सात पानं झाली.

नियमांतली शेवटची ओळ मोहरीएवढ्या अक्षरांत होती. 'सोबत खालील कूपन ठिपक्यांच्या रेषेवर कापून जोडावे. कूपनाशिवाय आलेल्या हकीकतींचा विचार केला जाणार नाही.' खाली ठिपक्यांची चौकट आणि कोपऱ्यात एवढीशी कातर काढलेली.

कातर! भिकुबाईने कपाळावर हात मारला.

त्या मासिकाचे दोनच अंक गावात येत. एक वाचनालयात, दुसरा अध्यक्षांच्या घरी, त्यांच्या सुनेच्या, सरलाबाईंच्या नावे. नवा अंक मागवावा तर तो येईपर्यंत तारीख निघून जाणार. भिकुबाई पदर सावरून सरलाबाईंकडे गेली.

"कूपन? अगं बाई, माझं मी लावून टाकलं हो!" सरलाबाई खरोखर हळहळल्या. पुण्याच्या माहेरवाशीण, मनाने चांगल्या. "कोणासाठी हवंय, भिकुबाई?"

"एक बाई शे. पहिलीच खेप शे तिनी."

"मग वाचनालयाचं काप की. मी मामंजींना सांगून ठेवते. अध्यक्षांनी हो म्हटल्यावर विचारतंय कोण?"

इतकं सोपं होतं ते! भिकुबाई परतताना रस्ताभर स्वतःशीच मान हलवत होती. चौकटीमागच्या पानावर दंतमंजनाची जाहिरात होती, म्हणजे कुणाची कादंबरीही तुटणार नव्हती.

शनिवारी चार वाजता सगळ्या गेल्यावर तिने मासिकं रचली, हिरव्या कव्हराचा अंक तेवढा बाजूला काढला. पेपर वाचणाऱ्या पुरुषमंडळींना यायला थोडा वेळ होता. कपाटातली वाचनालयाची कातर घेऊन तिने पहिल्या ठिपक्यावर टेकवली. कातर चांगली होती, धारेची. दोन बोटं मिटायची काय ती बाकी.

डोळ्यांपुढे गजराबाई आली. कमिटीपुढे चोळीतून तो पोपट काढून टेबलावर ठेवताना ती कशी खाली मान घालून उभी होती, ते भिकुबाईने पाहिलं होतं. तिला कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तुझ्या ओळखीचं कुणी अध्यक्ष आहे का?

आणि मग दुसरं माणूस आलं. लगाम धरून, चालत.

नवरा लबाड नव्हता हे जगाला सांगायला बायको निघाली, आणि जाताना राखणीतलं पान कापून घेऊन गेली! भिकुबाईला एकटीलाच हसू आलं. तिने कातर जागेवर ठेवली.

घरी जाऊन तिने कोऱ्या कागदावर कूपन हाताने काढलं. ठिपके मोजून काढले. छापील चौकटीत एकशे बारा होते, तिनेही एकशे बारा काढले. कोपऱ्यातली कातरसुद्धा काढली, जरा अडकित्त्यासारखी झाली ती. खाली लिहिलं: 'हे कूपन हाताने काढले आहे. खरे कूपन अंकात आहे. अंक वाचनालयाचा आहे व वाचनालय माझ्या राखणीत आहे, सबब कापता येत नाही. खरे कूपन शाबूत असल्याची खात्री बाळगावी.'

कूपनात एक ओळ होती: 'संपूर्ण नाव'. तिथे ती बराच वेळ थांबली. तोंडाने नाव घ्यायचं नाही, असं सासूने सांगितलं होतं. हाताबद्दल कुणी काही बोललं नव्हतं. तिने दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं: भिकुबाई भटू पाटील. शाई वाळेपर्यंत ती त्या शब्दांकडे बघत बसली. पत्ता मात्र वाचनालयाचा दिला. घरी पाकीट आलं असतं तर रतिलाल घाबरला असता.

पाकीट परत आलं ते कार्तिकात, मंगळवारी, अडीचच्या सुमाराला. पोस्टमनने बाहेरूनच हात लांब करून दिलं. भिकुबाई आत खिडकी लावत होती, म्हणून ते गजराबाईच्या हातात पडलं.

तिने ते हातावर तोललं. "जड शे वो माय! रुक्मिणीबाई, तुन्हीच व्हई. भटूनी घोडी परत उनी!"

खोली हसली. रुक्मिणीबाईही हसत पुढे आल्या, पाकीट घेतलं, चष्मा नाकावर सरकवला आणि मोठ्याने वाचू लागल्या. "श्रीमती... श्रीमती भिकुबाई..." त्या थांबल्या. "भिकुबाई भटू..."

पुढचं त्यांनी वाचलं नाही. हसू एकेका बाकावरून विझत गेलं. गजराबाईचं तोंड तेवढं उघडं राहिलं.

भिकुबाई खिडकीपाशीच उभी होती. तिने खिटी लावली, नीट लागली का ते पाहिलं, आणि वळली.

"त्या घोडीना धनी मन्हा घरना," ती म्हणाली.

ती बाकांपर्यंत चालत आली.

"परत उनी व्हती, ते खरं शे. पन ऱ्हायनी नही. पोचाडी दिधी तिले."

रुक्मिणीबाईंनी पाकीट तिच्या हातात दिलं. भिकुबाईने फोडलं. वर छापील चिठ्ठी होती: कूपनाशिवाय आलेल्या हकीकतीचा नियमानुसार विचार करता येत नाही, साभार परत. तिने चिठ्ठी उलटून पाहिली. मागे हाताने काही लिहिलेलं नव्हतं. सातही पानं होती, घडीही मोडलेली नव्हती. हाताने काढलेलं कूपन मात्र परत आलं नव्हतं. तिने पाकीट झटकून पाहिलं. नव्हतंच.

"वाचा," रुक्मिणीबाई म्हणाल्या.

"कोनी?"

"तुम्ही. आणि दारात नाही, इकडे बाकावर बसून."

दहा वर्षांत भिकुबाई त्या बाकावर प्रथमच बसली. वाचायला तिला वेळ लागे. बोट ठेवून, एकेक शब्द उचलून वाचायची. 'अत्यंत खात्रीची' आलं तेव्हा कोपऱ्यातल्या एकीला हसू फुटलं, पण ते चांगलं हसू होतं. मग घोडी विकली गेली. मग अंगण उजाडलं. घोडी नदीत कशी शिरली असेल, ते भिकुबाईने मनाने रचून अर्धं पान लिहिलं होतं, ती तिथवर आली आणि चार वाजले. बाहेर पुरुषमंडळींचे जोडे वाजले, कुणी खाकरलं, कुणी कडी वाजवली.

रुक्मिणीबाईंनी उठून आतून अडसर घातला. "थांबा जरा," त्या दाराआडून म्हणाल्या. "घोडी अजून तापीत आहे."

बाहेर काय समजले कोण जाणे, पण थांबले.

वाचून झालं तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते. वाचनात टोपलीचा प्रसंग आला तेव्हा मागच्या बाकावरच्या सरलाबाईंनी डोळ्याला पदर लावला होता, तो अजून काढला नव्हता. "भिकुबाई, कूपन हवं होतं ती बाई म्हणजे तूच का गं?" त्या एवढंच म्हणाल्या. एकेक बाई डब्यातून आपापली कातर, सुई उचलून निघाली. गजराबाई शेवटी आली. तिने अडकित्ता घेतला, चंचीत खोचला, आणि खाली पाहत पायऱ्या उतरून गेली.

त्या शनिवारी ती आली नाही. पुढच्या मंगळवारीही नाही. दोनदा रुक्मिणीबाईंची पाकिटं परत आली, त्या नुसतं म्हणाल्या, "भिकुबाई, दुसरं एखादं घर सुचवा." म्हण कुणी काढली नाही. पण खण्णकन आवाज झाल्याशिवाय वेळ सुरू झाल्यासारखं वाटेना. भिकुबाईच्या मनात यायचं, वाचायला नको होतं. उगाच एका बाईला चारजणींत खाली पाहायला लावलं, तेही दुसऱ्यांदा.

मार्गशीर्षातली दत्ताची यात्रा झाली, आणि त्यानंतरच्या मंगळवारी गजराबाई दारात उभी राहिली. उन्हाने रापलेली, पायांवर यात्रेची धूळ अजून तशीच असावी अशी.

"यात्रामा गयथी," ती म्हणाली.

"कातर शे का?" भिकुबाईला दुसरं काही सुचलं नाही.

"कातरनं ऱ्हाऊ दे. आयक. तठे एक दलाल मन्हा मालकले म्हने, बैल नीट दखी ल्या, नहीथे भटूनी घोडी व्हई जाई. मंग मी उभी ऱ्हायनी आनि बठी सांगी दिधी."

"काय सांगं?"

"तुन्ही गोष्ट. पहिलेथून."

भिकुबाईचा हात डब्यावर थबकला. "बठासमोर?"

"पंधरा-वीस मानसे व्हतात. दलाल व्हतात, घोडावाला व्हतात. मन्हा मालक डोयावरी खुना करी ऱ्हायनात, गप बस, गप बस. मी काय बसस का!"

"मधमा कोनी हसनं नही?"

"एक हसना. त्याले सांगं, थांब, घोडी आजून नदीमा शे." गजराबाईने चंची सोडायला घेतली. "एक म्हातारा सौदागर व्हता. तो म्हने, आमले काय माहीत, माय, आम्ही उनी ती दखी, गयी ती दखी नही."

भिकुबाईने डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. आत कुणीतरी पान उलटलं.

"घोडीवर बसना नही, ते सांगं?"

"सांगं."

"आन पायी गया, ते?"

"ते बी सांगं. लगाम धरीसन, सोळा कोस पायी."

"अठरा," भिकुबाई म्हणाली.

"काय?"

"सोळा नही. अठरा कोस शे."

गजराबाईने मान डोलावली. "पुढला साल अठरा सांगसू." आणि न मागता तिने अडकित्ता पुढे धरला.

भिकुबाईने तो दोन्ही हातांनी घेतला आणि डब्यात ठेवला. या खेपेला आवाज झाला नाही.